वरणाची चव

४ मार्च १९७४

नोकरी लागली! बावन्नाव्या वर्षी, आणि तीही तुरुंगात. आमचं साप्ताहिक बुडाल्यावर मजसारख्या वार्ताहराला कोण विचारणार होतं? भांडवल काय, तर वाईच्या पाठशाळेतलं संस्कृत आणि शुद्ध उच्चार. नागपूर स्टेशनवर रिक्षावाल्याला जेल म्हटलं, तर तो म्हणाला, "काहून गा काका, कोन हाये अंदर?" मी म्हटलं, उद्यापासून मीच. पुढे सबंध रस्ता त्याने मागे वळून पाहिलं नाही.

अधीक्षक महादेवराव मोठे अगत्यशील. चहा दिला, भिंतीलगतचं क्वार्टर दिलं. काम कैद्यांना लिहा-वाचायला शिकवण्याचं, शिवाय 'किरकोळ'.

९ मार्च

किरकोळ म्हणजे काय ते कळलं. वाढण्याआधी कैद्यांच्या जेवणाची कुणातरी नोकराने चव घ्यायची, असा नियम आहे. माझ्या वाट्याला मागची बराक आली. तिथली माणसं गुन्हेगार नाहीत. वेडी आहेत, आणि इस्पितळात जागा नाही म्हणून कोर्टाने त्यांना 'तात्पुरतं' इथे ठेवलंय. काहींचं तात्पुरतं दाढी पांढरी होईतो चाललं आहे.

दारातच नाक दाबलं. कोपऱ्यात विष्ठा, तिच्यावर माश्या, आणि त्याच माश्या माणसांच्या ओठांवर. हाकलायला कुणी हातही उचलत नाही. सगळे पाय फरफटत भिंतीकडे जातात आणि परततात. लाळ गळत असते.

वरण मात्र उत्तम! जरा कडवट, पण फोडणी झकास. अन्न तोंडात घेऊन थुंकू नये, ही पाठशाळेची शिस्त. शिवाय सडाफटिंग माणसाला आयतं जेवण. म्हणून बाहेर लिंबाखाली बसून वाटीभर वरपलं, वर पोळी. उद्यापासून चूल बंद.

१८ मार्च

बराकीत एक चांगला बोलणारा सापडला. धोंडबा, काटोलकडचा. बायको गेली तेव्हा रुळांवर जाऊन बसला होता. पोलिसांनी उचललं, तो इथेच. त्याला तुरीचं वरण सोसत नाही. आपली वाटी शेजाऱ्याला देतो आणि मिरचीशी पोळी खातो. बहीण सिंधू खापरखेड्याच्या कॉलनीत राहते, ती न्यायला तयार आहे. पण वेड्यांना तपासून सोडणारी कमिटी येते तेव्हा हा बरा झालाय असं नोकरांपैकी कुणीतरी तोंडाने सांगावं लागतं. आजवर कुणी सांगितलं नाही. त्यासाठी त्याच्या जवळ बसावं लागतं ना!

"मले घरी जाचं हाये, गुरुजी. तुम्ही बोलान ना?"

म्हटलं, बाबा रे, बोलणं एवढंच तर मला येतं. कमिटी एप्रिलात आहे.

२ एप्रिल

ऊन भयंकर. दुपारी वर्गात खुर्चीवरच डोळा लागतो. बराकीची आज अंघोळ होती, म्हणजे सगळ्यांना नागडं करून भिंतीशी उभं केलं आणि नळी सोडली. घाण वाहून गटारात गेली, गटार तुंबलं आणि तीच पायांशी परत आली. त्यात उभं राहून एकजण हसत होता. मला उलटी झाली.

सकाळी उशी ओली होती. घाम म्हणावा तर चिकट.

११ एप्रिल

जीभ जड झाली आहे. वर्गात 'स्पष्ट' शब्द उच्चारून दाखवायला गेलो, तोंडातून नुसती हवा निघाली. कैदी हसले. हात कापतो. फळ्यावरची अक्षरं मुंग्यांएवढी येतात.

चपलांचे अंगठे झिजलेत. संध्याकाळी माझी सावली पाहिली. ती पाय फरफटत चालली होती. मी त्यांची नक्कल करत नव्हतो.

१४ एप्रिल

आज बराकीच्या चुलीशी लवकर गेलो. कंपाउंडर रुपराव खलबत्त्यात गोळ्या कुटत होता. कुटल्या, वरणाच्या गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, टाकल्या, पळीने ढवळलं. मी विचारलं. तो बिचारा लपवेल कशाला? एकेकाच्या तोंडात वेडावरची गोळी कोण घालणार, म्हणाला, चावतात. "गंजात टाकलं का सर्वांले बरोबर पोचते."

आणि चव घेणारा?

तो हसतच सुटला. "पयलेचे सगळे साहेब जिभेले लावून थुकत होते गा गुरुजी! तुम्ही वाटीभर खाऊन राहिले, हे मले काय मालूम?"

म्हणजे त्या फरफटणाऱ्यांत मुळात वेडा कोण आणि वरणाने तसा झालेला कोण, हे कुणालाच ठाऊक नाही. धोंडबा शहाणा का राहिला तेही कळलं. पोट धुऊन निघेल का? बोटं घशात घातली. वास तोच, फोडणीचा.

१५ एप्रिल

महादेवरावांकडे गेलो. सगळं सांगायचं होतं. मान एका बाजूला वळली ती सरळ होईना. लाळ त्यांच्या टेबलावर — "वरण, वरण" एवढंच जमलं. ते फार प्रेमाने बोलले. बराकीच्या सहवासाचा परिणाम, म्हणाले. थोडे दिवस निरीक्षण. तात्पुरतं.

१८ एप्रिल

आत. धोंडबाच्या शेजारी. पेन्सिल राहू दिली, गुरुजी म्हणून.

वरण नको म्हटलं. वरणात विष आहे म्हणणं हे वेडाचं लक्षण आहे. दोघांनी नाक दाबून पाजलं.

धोंडबाला सांगितलं, हळूहळू, शब्द शब्द. त्याला समजलं. मग विचारतो, कमिटीपुढे आता कोण बोलेल — माझ्यासाठी?

बहुतेक २१

माशी ओठावर. हात जात नाही —

कोपऱ्यात मी पण. किळस येत नाही. याचीच किळस —

कमिटी आज

फाटकाशी मोटार. महादेवराव आले, धोंडबाला म्हणाले, साहेबांसमोर गुरुजींना भरवून दाखव. आज्ञा ऐकतोस, दुसऱ्याला सांभाळतोस — तीच तुझी साक्ष. सिंधू बाहेर उभी आहे.

साहेब आले. रुमाल नाकाला. मी मांडीवर खरडतोय, कुणी बघत नाही.

धोंडबा वाटी घेऊन — त्याचा हात स्थिर. बघत नाही माझ्याकडे. "एक घास गा, गुरुजी." पुन्हा, अगदी बारीक आवाजात, "मले जाऊ द्या."

तोंड मिटलं तर तो इथेच. माझ्या शेजारी. जन्म —

बोलणार होतो मी त्याच्यासाठी. बोलता येत नाही. उघडता येतं अजून —

कडू. धोंडबा रडतोय, साहेब हसले, लिहिलं काहीतरी. दुसरा घास. उघड म्हणतोय, मी उघडतोय, तो सुट—