गडग्याकडची करवंदं

गोळप, ता. रत्नागिरी
११ मे २०२४

चि. सौ. राहीस,
अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं बरी आहोत. यंदा हापूस थोडाच आला, फणस मात्र बुंध्यापासून लगडलेत. तुझं नि ओमकाररावांचं खेडात बरं चाललं असेल. फोनवर मला धड बोलता येणार नाही, म्हणून लिहिते.

तू मागच्या कुंपणाच्या दगडी गडग्याला लावलेली करवंदं यंदा पहिल्यांदा धरली. जाळ्या काळ्याभोर झाल्यात. आप्पा रोज सकाळी पेलाभर काढून आणतात. काल मुठीत एक धरून मला विचारतात कसे, "बोल, कोंबडा की कोंबडी?" मी म्हटलं, कोंबडा. फोडलं तर आत लालबुंद. जिंकले! सर्वेश गेल्यापासून या घरात कुणी असं खेळलं नव्हतं.

कच्च्यांचं लोणचं घातलंय.

तुला वाटेल, सासूबाईंनी झाडं जपली. तसं नाही ग. तू बिया रुजवल्यास तेव्हाच मी म्हटलं होतं, काटेरी झाड घराशी नको. सर्वेश हसला होता, "आई, गुरं तरी आत येणार नाहीत." मग त्याची मोटरसायकल घाटात घसरली. बाराव्याला सगळ्यांदेखत मी तुला म्हणाले, "तुझ्या काट्यांनी माझा मुलगा खाल्ला." तू उठून वडिलांबरोबर निघून गेलीस. तुमची गाडी वळणाआड गेली आणि मी कोयती घेऊन सगळी झाडं बुडापासून तोडली. हात रक्ताने भरले. आप्पा बघत होते. म्हणाले, "कुसुम, तिचाही नवरा गेलाय."

पावसात बुडांना कोंब फुटले. पुन्हा कोयती घेऊन गेले, पण हात उठेना. पुढच्या उन्हाळ्यात पाणी मीच घातलं.

डिसेंबरात तुझ्या लग्नाला आले नाही. गुडघा दुखतो म्हणून कळवलं. गुडघा बरा होता. तुला दुसऱ्याच्या शेजारी उभी बघायची छाती झाली नाही. तुझ्यावर राग नव्हता, खरंच.

त्या दिवशी बोलले ते खोटं होतं, राही. बोलतानाच मला ठाऊक होतं. हे लिहायला तीन वर्षं लागली. माफ कर.

पिकली करवंदं लगेच मऊ पडतात, पाठवता येत नाहीत. पावसाआधी ये. ओमकाररावांना घेऊन ये, त्यांना बघायचंय मला. यावंसं वाटलं नाही तर दोन ओळी टाक. मी वाईट वाटून घेणार नाही. घेतलं तरी तुला सांगणार नाही.

आप्पांचे आशीर्वाद.

तुझी कोण, ते आता तू ठरव.
कुसुम