पडवीचं नवं दार

शहाबाज, ता. अलिबाग
२३ नोव्हेंबर १९५८

चि. सौ. जनीस आबाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्राला फार उशीर झाला, राग धरू नकोस. दिवाळीआधीच लिहायला बसलो होतो, पण मजकूरच असा की पहिली ओळ सुचेना. माझी शाळा तुला ठाऊक आहे. काही चुकलं असेल तर जावईबापूंना दाखवू नकोस, तूच सुधारून वाच.

मी मृत्युपत्र करतो आहे. घाबरू नकोस, खोकला आहे तेवढाच आहे. पण शेजारचा रावजी जेवता जेवता गेला आणि त्याचे मुलगे अजून एका आंब्याच्या झाडावरून भांडताहेत. ते ऐकलं की मला घास गिळवत नाही. म्हणून अलिबागला वकिलाकडे गेलो. त्याने विचारलं, बायको हयात आहे का. मी म्हटलं, हयात आहे, पण बायको नाही. त्याने पेन खाली ठेवलं. मग त्याला काडीमोडीचं सगळं सांगावं लागलं.

तर असं ठरवलं आहे. खाडीकाठचं खारातलं शेत काळूरामला. उघाडी आणि तिच्या लगतचा तुकडा तुला. उघाडी म्हणजे बांधातलं लाकडी दार. ओहोटीला उघडून पावसाचं पाणी खाडीत सोडायचं, भरतीला लावून खारं पाणी अडवायचं. म्हणजे शेत त्याचं, पण त्याची चावी तुझ्या हाती. तुम्ही भावंडं एकमेकांच्या दारात जात नाही. तो माझ्याजवळ वाढला, तू आईबरोबर गेलीस, यात तुमचा काय दोष? माझ्यामागे या उघाडीपायी तरी बोलाल, असा माझा हिशेब. कसा वाटतो?

जावईबापूंना नमस्कार. लोभ होता तसाच राहू दे.

तुझा
आबा

*

उरण
८ डिसेंबर १९५८

तीर्थरूप आबांस जनीचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्र पोचलं. चुका सुधारल्या नाहीत, तुमचा आवाज गेला असता.

पण आबा, उघाडी मला नको. तुम्ही आणि आई एका चुलीशी बांधलेले होतात, तरी बोलणं तुटलंच ना? मग दादाला आणि मला उघाडीच्या फळीने बांधून काय होणार? अबोला असताना उधाण आलं तर पाणी आमच्या समेटासाठी थांबणार नाही. दोघांचीही जमीन खारी होईल. उघाडी राखणाऱ्याकडेच असू दे. दादा मुंबईच्या गोदीत असला तरी केसरवहिनी गावातच आहेत, त्या माझ्यापेक्षा चांगली राखतील.

मला काही द्यायचंच असेल तर घराची खाडीकडची पडवी द्या. तिथे मी कोणाला ठेवावं ते मात्र विचारायचं नाही.

विचारालच, म्हणून सांगते. आईचा दुसरा नवरा गेला ते तुम्हाला कळलं असेल. त्याच्या मुलांनी तिला वाट दाखवली. आता ती माझ्याकडे आहे. घर दोन खणांचं. सासूबाई भांडत नाहीत, पण वाढताना रोज म्हणतात, लेकीच्या घरचं अन्न गोड लागतं हो सोनूबाईंना. आई अर्धपोटी उठते. मृत्युपत्र तुमच्यामागे लागू होणार. आईला जागा हवी आहे ती आज.

काडी मोडली तेव्हा पंचांनी तिला सांगितलं होतं की हा उंबरा पुन्हा ओलांडायचा नाही. मी तिच्या कडेवर होते. मला कोणी काही सांगितलं नव्हतं. पण मलाही कधी माहेर मिळालं नाही, आबा.

खोकल्याला अडुळसा घ्या. लोभ असावा ही विनंती.

आपली
जनी

*

मुंबई
२१ डिसेंबर १९५८

तीर्थरूप आबांस काळूरामचा साष्टांग नमस्कार.

जनीचं पत्र तुम्ही पाठवलंत ते वाचलं. तिला पडवी द्यायला माझी ना नाही. पण तुम्ही तिच्या आईला आणायचं म्हणता, तर गावाला काय सांगू? केसर विचारते, तिला सासू म्हणून पाया पडायचं की पाहुणी म्हणून पाणी द्यायचं? मी काय उत्तर देऊ? मला तर ती समोर आली तरी ओळखू येणार नाही. सुटी मिळाली की येतो. तोवर काही करू नका.

काळूराम

*

शहाबाज
१८ जानेवारी १९५९

चि. सौ. जनीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

पुन्हा उशीर झाला. या खेपेला हात मातीत होते.

तुझं पत्र आल्यापासून झोप नाही. पंचांतला एक तुकाराम तेवढा उरला आहे. त्याच्याकडे जाऊन बसलो. तो म्हणाला, दयाराम, शब्द तो शब्द, उंबरा तो उंबरा. मी परत आलो आणि घराभोवती फिरत राहिलो. मग अनंता गवंड्याला बोलावलं आणि पडवीची खाडीकडची भिंत फोडायला लावली. तिथे नवं दार होईल. त्या उंबऱ्यावर कोणी काडी मोडलेली नाही. तुकारामाला आणून दाखवलं. तंबाखू मळत म्हणाला, या दाराचं आमचं काही बोलणं झालं नव्हतं.

मृत्युपत्रही बदललं. पडवी तुझी, उघाडी काळूरामची. लगतचा तुकडा तुझाच राहील, त्यातला भात तो लावून देणार. वकील म्हणाला, कागद तुमच्यामागे लागू होईल. मी म्हटलं, दार आजच लागू होईल. पडवीत वेगळी चूल घातली आहे. मधल्या दाराची कडी तिच्या बाजूने बसवली. मी ओटीवर असतो, खोकल्याचा त्रास होईल तेवढाच.

काळूराम संक्रांतीला आला. भोक पडलेली भिंत बघून खूप बोलला. मी थांबा म्हटलं होतं, तुम्ही माझं कधी ऐकलंत, असं सगळं. केसरने त्याला भाकरी वाढली, तीही त्याने खाल्ली नाही. सकाळी बघतो तर अनंताजवळ उभा. पडवीचं छप्पर उतरतं, म्हणून दार बुटकं होणार. तो अनंताला म्हणत होता, डोकं आपटेल. मग माझ्याकडे न बघता त्याने विचारलं, आई उंच आहे की ठेंगणी?

मी सांगितलं, माझ्या कानाला लागायची. पण ते तेव्हाचं. आता किती उरली असेल, मला काय ठाऊक? मापासाठी सुताराने चौकट अडवून ठेवली आहे. भिंतीला भोक तसंच आहे, गावची कुत्री येऊन पडवीत निजतात, आणि मी काठी घेऊन बसतो.

ती यायला तयार आहे का, हे तू लिहिलंच नाहीस. तिला विचार. येणार असेल तर भिंतीला उभी करून दोरीने माप घे आणि दोरी पाकिटात घालून पाठव. येणार नसेल तरी माप पाठव. काळूरामला हवं आहे.

जावईबापूंना व तुझ्या सासूबाईंना नमस्कार. ममता कमी करू नकोस, आणि पत्राला माझ्यासारखा उशीर लावू नकोस. लवकर कळव.

तुझा
आबा