उन्हाळ्यात ते कुठे जातात

उज्जैन,
८ जून १९९४

प्रिय मृणाल,

तुझं पत्र चैत्रात आलं, उत्तर आज लिहितोय. मधे रोज ‘उद्या’ म्हणत राहिलो. दिवसभर टावर चौकात एस.टी.डी. बूथवर बसतो, तुझा पुण्याचा नंबर पाठ आहे, तरी फोनही केला नाही. कशी आहेस? मी मजेत. केबलचं काम सोडलं. खांबावर चढलो की वायर राहायची हातात आणि मी लांबचं बघत बसायचो.

हां, तर तुझे गोळीकिडे, हात लावला की गोळी होणारे. मक्सी रोडपलीकडच्या जंगलात तू दाखवलेला सागाचा ओंडका अजून तिथेच आहे. पावसाळ्यात पाचोळा उचलावा तर खाली नुसती वर्दळ, पोटाच्या पिशवीत पांढरी पिल्लं घेऊन फिरणाऱ्या माद्या. थंडीत सालीखाली सुस्त. होळीनंतर मात्र एकही नाही. उन्हाळ्यात जातात कुठे, एवढंच तुला हवं होतं, म्हणजे प्रबंध पुरा.

ते मला वैशाखातच सापडलं. आणि तिथेच हात अडला. हे लिहून पाठवलं की मला पत्र लिहायला तुला कारण काय उरणार?

खैर, लिहून टाकतो. ओंडक्याजवळच्या मुळाला धरून हातभर खाली, जिथे माती अजून गार लागते, तिथे सगळे एकमेकांना चिकटून बसतात. तशीच त्यांची ओल टिकते. एक वर काढून ठेवला, तर दुपारपर्यंत वाळून गेला. मग नाही काढला.

एवढं लिहिलं आणि बूथसमोर ऑटो थांबला. तुझे बाबा. लग्नाला नाही म्हणून तू पुण्याला गेलीस, तेव्हापासून तुझं नाव न काढणारे भय्यासाहेब. हातात छत्री आणि बागेतलं खुरपं.

“विलास तूच ना? चिठ्ठीचा जवाब न देणारा?”

“हो.”

“दोन वर्षांनी पोरीचं पत्र आलं. त्यात काय, तर किडे. म्हणते, विलास गप्प आहे, बाबा तुम्ही बघून कळवा. तिथे चप्पल चालेल?”

“काटे आहेत.”

आता समोरच्या दुकानात कॅनव्हासच्या बुटांचा भाव करतायत.

मृणाल, वर मातीबद्दल लिहिलंय ते तू वाचलंच नाहीस. त्यांना सापडू दे. त्यांनाच लिहू दे.

कारण नसतानाही वाट बघणारा,
विलास