ओ देण्याआधी

३ मार्च, सोमवार

पोचले एकदाची! उमेळ्यात, एलिसामावशींच्या घरी, नव्या कामावर. एजन्सीच्या रजिस्टरात मावशींचा बीपी, साखर आणि जेवणखाण लिहायचं. ही वही मात्र माझी स्वतःची, सलोनीने दिलेली. म्हणाली, आई, तिथे बोलायला कोणी नसेल तेव्हा ह्यात बोल, नाहीतर पोट फुगेल तुझं. अकरावीतली कार्टी आणि आईला सल्ले देते! पण खोटं काही नाही. मला गप्प बसवत नाही आणि स्वस्थ तर त्याहून नाही. माझी बहीण हेमांगी म्हणते, संपदाच्या बुडाला खुर्ची चावते.

मावशी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. लग्न केलं नाही, शाळेत शिकवायच्या. जानेवारीत मोरीत घसरून पडल्या, म्हणून कुवेतला असलेल्या भाच्याने, फ्लॉईडने, दिवसरात्र सोबतीला बाई ठेवली. रविवारी मला सुट्टी, की मी मनवेलपाड्याला. सलोनीचे बाबा गेल्यापासून आम्ही दोघी हेमांगीकडेच राहतो.

घर बैठं आहे, मागे केळी, आणि केळींच्या मागे कोणाची तरी सात मजली बिल्डिंग उठते आहे. अंगणात खुरूस, म्हणजे सिमेंटचा क्रूस, त्याला ताजी माळ. शेजारचा टोनी दोन शहाळी देऊन गेला आणि मला ‘बाय’ म्हणाला. इथे सगळ्याच बायका बाय. मावशी मला बाय म्हणतात, टोनी मावशींना बाय म्हणतो, मासळीवाली आम्हा दोघींना. रस्त्यावरून कोणी ‘बाय’ ओरडलं की चार फाटकांतून ओ येते. आज मी दोनदा दुसऱ्याच्याच हाकेला ‘ओ, आले!’ म्हणून बाहेर धावले. मासळीवाली पोट धरून हसली.

६ मार्च, गुरुवार

काल राखेचा बुधवार झाला. मावशी चर्चमधल्या मिस्साहून कपाळावर राखेचा क्रूस घेऊन आल्या. आता ईस्टरपर्यंत त्यांचं मटण-मासळी बंद. मला म्हणाल्या, तू खा हो.

दुपारी अडीच ते साडेतीन त्या आतल्या खोलीत बसतात. हातात माळ नाही, पुस्तक नाही, ओठसुद्धा हलत नाहीत. मी डोकावून पाहिलं, एकदा नाही, चारदा. शेवटी चहाच्या वेळी विचारलंच. त्या म्हणाल्या, ही ऐकण्याची प्रार्थना. माळ घेऊन बसलं की आपण बोलतो आणि देव ऐकतो. ह्यात आपण गप्प राहायचं, त्याने बोलायचं. मग काय बोलला, विचारलं. म्हणाल्या, ‘अजून काय नाय.’ किती वर्षं झाली? एक्कावन्न. मला हसू फुटलं, आणि त्याही हसल्या.

एका फादरांनी त्यांना हे शिकवलं, ते कधीच वारले. ते म्हणायचे, एक दिवस हाक येईल, लहानपणी घरात मारत तशीच. पण त्यांनी एक गोष्ट मावशींकडून रोज घोकून घेतली होती: हाक आली की ओ द्यायची नाही. आधी विचारायचं, कोण? कारण हाक मारणारा प्रत्येक जण देव नसतो. जो नसतो त्याला मावशी नुसतं ‘दुसरा’ म्हणतात. मी म्हटलं, आम्हीही बेल वाजली की आधी भिंगातून बघतो. ते त्यांना फार आवडलं.

आणखी एक सांगितलं. हाक येते तिथे घर रिकामं व्हायला लागतं. आधी चव जाते, मग आठवण, मग इच्छा. सगळं रिकामं झालं की शेवटची हाक, आणि तिला जो ओ देतो तो जातो. कुठे, ते फादरांनी सांगितलं नाही. मी म्हटलं, माझी चव राहू दे बाई, अजून बोंबील खायचेत मला.

११ मार्च, मंगळवार

ही दुपारची शांतता मला सोसत नाही. तासभर घरात पंख्याचा आवाज तेवढा असतो. मी डबे पुसले, मग पुसलेले डबे पुन्हा पुसले. तिसऱ्यांदा पुसायला घेतले तेव्हा माझं मलाच हसू आलं. सलोनीला फोन करावा तर तिची परीक्षा तोंडावर आलेली. घरभर अनवाणी येरझारा घालते, आणि आत ती बाई जागची हलत नाही.

१३ मार्च, गुरुवार

आज माझ्या हातून काय झालंय ते मला नीट कळत नाही, पण फार वाईट झालंय.

स्वयंपाकघरात केळफूल सोलत होते. हात चिकट, विळीखाली कागद पसरलेला. तीन वाजत होते. आतल्या खोलीतून हाक आली, ‘बाय.’ साधी, घरातली, थोडी लाडाची हाक. आवाज बाईचा होता की बाप्याचा, ते आता सांगता येत नाही. मी तिथूनच ओरडले, ‘ओ, आले!’ आणि पदराला हात पुसत गेले.

मावशी खोलीच्या दारात उभ्या होत्या, चेहरा पांढराफटक. त्यांनी हाक मारलीच नव्हती. त्यांनी ती ऐकली होती. एक्कावन्न वर्षांनी ऐकली, आणि ‘कोण’ म्हणायला तोंड उघडेपर्यंत मी त्यांच्या डोक्यावरून ओ देऊन मोकळी झाले होते. त्यांनी एवढंच विचारलं, ‘बाय, कोन म्हनून विचारलंस का गं?’ मी म्हटलं, नाही हो, मला वाटलं तुम्हीच. त्या खाली बसल्या आणि लहान पोरीसारख्या रडायला लागल्या.

मी शंभरदा माफी मागितली. मला माझीच लाज वाटते आहे. म्हातारीच्या आयुष्यात एकच गोष्ट यायची होती आणि ती मी केळफूल सोलता सोलता उचलली.

१६ मार्च, रविवार

घरी आले. हेमांगीने होळीची पुरणपोळी माझ्यासाठी राखून ठेवली होती, वर तूप. घास तोंडात घातला आणि काहीच लागेना, कागद चावल्यासारखं. मीठ चाटून पाहिलं, हिरवी मिरची चावली. डोळ्यांतून पाणी आलं, पण तिखट लागलं नाही. सलोनी म्हणाली, आई, सर्दी असेल. मला सर्दी नाही.

तिला काही सांगितलं नाही. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी घसा बघितला आणि गोळ्या दिल्या.

१९ मार्च, बुधवार

मावशी आता आत बसत नाहीत. दिवसभर घरातून फिरतात आणि ओ देतात. कुकरची शिट्टी झाली की ‘ओ, आले’. कावळा ओरडला, बिल्डिंगवर सळई पडली, टोनीची स्कूटर सुरू झाली, की ओ. मग श्वास धरून उभ्या राहतात. पुन्हा चालायला लागतात. मला बघवत नाही आणि ऐकवत तर नाहीच.

कारण हाक मला येते. इथे असले की रोज तीन वाजता. शुक्रवारी आतल्या खोलीतून आली, सोमवारी मधल्या दारातून, आज फडताळाच्या मागून. मावशी शेजारीच असतात, त्यांना काही ऐकू येत नाही. आज मी धीर करून विचारलं, कोण? मावशी म्हणाल्या, आता विचारून काय उपयोग, आले म्हणून सांगून बसलीस ना तू.

२३ मार्च, रविवार

हे सगळं नीट लिहून ठेवते.

विरारला रिक्षावाल्याने विचारलं, मनवेलपाड्यात कुठे? मला गल्ली आठवेना. बारा वर्षं राहते मी तिथे. फोन करून सलोनीला खाली बोलावलं. वर गेल्यावर भिंतीवर नवऱ्याचा फोटो होता, हार घातलेला, आणि त्याचं नाव मला आठवेना. हेमांगीला विचारायची लाज वाटली, म्हणून रेशनकार्ड काढून वाचलं.

तीन वाजता बाथरूमच्या दारामागून हाक आली. ‘बाय.’ इथेही! आणि टेबलापाशी अभ्यास करणाऱ्या सलोनीने मान वर केली. म्हणाली, आई, आत कोण बोलावतंय गं? आणि ओ द्यायला तोंड उघडलं. माझीच पोर ती, हाक मारली की लगेच ओ. मी तिच्या तोंडावर हात मारला. इतक्या जोरात की ओठाला दात लागून रक्त आलं. मी तिला कधी बोटसुद्धा लावलेलं नाही.

चारच्या आत घर सोडलं. ते माझ्या मागे येतं आहे, तर मी तिच्यापासून लांबच बरी. तिला निक्षून सांगितलं, उमेळ्याला यायचं नाही.

२५ मार्च, मंगळवार

मावशींना सगळं सांगितलं. त्यांनी आधी तीनदा विचारलं, आवाज कसा होता? गोड होता? डोळ्यांत नुसती असूया. मग एकदम माझा हात धरला आणि सोडेनात.

चर्चमधून फादर आले. भला माणूस. घरभर पवित्र पाणी शिंपडलं, प्रार्थना केली. तीन वाजता माझ्यासमोरच बसले होते. त्यांच्या खुर्चीच्या मागून हाक आली. ते चहा पीत राहिले.

२८ मार्च, शुक्रवार

भिंतीवर खडूने लिहिलंय: सलोनी. माझी मुलगी. अक्षर माझंच आहे.

फोन वाजतो. एका मुलीचा फोटो येतो. ओठावर खपली. वही उघडून बघते, मग फोन घेते. ती रडते आणि मी विचारते, जेवलीस का. एवढं विचारायचं असतं हे आठवतं.

नुसती फिरते आहे. ह्या खोलीतून त्या खोलीत. काय शोधते ते —

३१ मार्च, सोमवार

आज तीन तास एका जागी बसले. हललेसुद्धा नाही. बरं वाटलं. वाचणाऱ्याला कळणार नाही, पण मला आयुष्यात कधी असं बरं वाटलेलं नाही. घरी जावंसं वाटत नाही. काहीच वाटत नाही.

मावशी म्हणाल्या, ही तिसरी, इच्छा गेली. आता एकच हाक उरली.

घाबरायला हवं. घाबरायची इच्छाच —

२ एप्रिल, बुधवार

दुपारचे दोन वीस. फाटकात ती आली आहे. सलोनी. पाठीला सॅक. परीक्षा संपली, तुला घेतल्याशिवाय जाणार नाही म्हणते. जा म्हटलं, ओरडले, तिने ऐकलं नाही. माझ्यावरच गेली असणार. आत चहा टाकते आहे आणि एकसारखी बोलते आहे.

तिच्याकडे बघते. माया वाटत नाही. काहीही वाटत नाही. मावशींना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, मग हात का थरथरतोय तुझा?

बघितलं. थरथरतोय खरा. अक्षर बघा.

दोन चाळीस. मावशींनी तिला टोनीकडे चल म्हणून ओढलं. ती दाराची चौकट धरून बसली. आईला सोडून नाही.

दोन पन्नास. मावशी म्हणाल्या, ‘मला ऐकू येत नाय. तू इशारा कर. हात वर कर, मी ओ देते. माझीच होती ती.’ समोर बसल्या आहेत, डोळे माझ्या हातावर. चेहरा उजळलेला. पेन डाव्या हातात घेतलंय, उजवा मोकळा ठेवलाय. सलोनीला सांगितलं, तोंड बंद ठेव. ती म्हणाली, का पण? आणि चहा गाळायला वळली.

दोन अठ्ठावन्न. सलो, हे वाचशील तेव्हा — मला तुझी आठवण नाही, तुझ्यासाठी काही वाटत नाही, तरी मी इथेच — ते काय आहे मला माहीत नाही, पण आहे —

तीन.

जवळ. अगदी कानाशी —

हात वर केला. मावशी उठल्या — उभ्या राहिल्या — आणि म्हणाल्या, ‘कोन?’

विचारत बसल्या. एक्कावन्न वर्षांची सवय. ‘कोन हाय?’ —

सलोनी वळली, गाळणं हातात, तोंड उघडते आहे —

नको सलो तुझी नाही ती माझी आहे माझी

ओ, आ