जिन्यातलं कपाट

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार. (पत्रात तुला ‘तुम्ही’ म्हणायला हवं, पण मग दुसऱ्याच कुणाच्या मामांना लिहितेय असं वाटतं.) तुझी कंबर कशी आहे? टेम्पोचा गिअर कसा आहे? दोघांपैकी एकाची तरी तब्येत सुधारली असेल. मामीने विणलेला स्वेटर रोज घालते. बाह्या लांब आहेत, पण फळा पुसायला बऱ्या पडतात.

आमच्या शाळेत शिक्षक टिकत नाहीत हे तुला माझ्याआधी ठाऊक असणार. विज्ञानाच्या बाई, चित्रकलेचे सर, भूगोलाच्या दोन्ही बाई, सगळ्यांचं सामान तुझ्याच टेम्पोतून गेलं. ही माणसं का जातात ते शोधायचं काम मोठ्या बाईंनी (म्हणजे मुख्याध्यापिकांनी, उंचीने माझ्या खांद्याला लागतात) माझ्यावर सोपवलं. घरातली पहिली पदवीधर मी, शोधायचं म्हटल्यावर अंगात वारंच शिरलं. सगळे राजीनामे वाचले. प्रत्येकात ‘घरगुती कारण’! चित्रकलेचे सर तर एकटे राहायचे, घरात भांडायलासुद्धा कोणी नव्हतं.

मोठ्या बाईंचं मत असं की, ज्याचं सामान जड तो माणूस उठसूट जात नाही. आता गणिताचे एकच सर उरलेत आणि त्यांचंही मन उडाल्याची कुणकुण होती. ते गेले तर दहावीचा वर्ग ऐन परीक्षेच्या तोंडावर उघडा पडणार (आणि तो वर्ग माझा आहे, मामा, मला झोप लागत नाही). म्हणून त्यांना शाळेतर्फे लोखंडी कपाट भेट द्यायचं ठरलं. सर राहतात माझ्याच इमारतीत, माझ्या वरच्या मजल्यावर. कपाट शिपाईदादा आणि खेळाच्या सरांनी उचललं, मी मागून सूचना दिल्या. माझ्या मजल्यापर्यंत छान आलं. पुढच्या वळणावर असं रुतून बसलं की ना वर, ना खाली. खेळाचे सर म्हणाले, “बाई, तुम्ही जरा गप्प बसा, म्हणजे मला श्वास घेता येईल.”

तेव्हापासून गणिताचे सर रोज सकाळी कपाट ओलांडून शाळेत येतात. आधी पिशवी, मग चपला, मग स्वतः. मोठ्या बाई खूश. “बघ, टिकले की नाही!”

मला काही ते पटेना. विज्ञानाच्या बाईंना फोन लावला, खरं कारण काय म्हणून. त्या म्हणाल्या, “तुझ्या मामांनाच विचार. टेम्पोत बसल्या बसल्या ते म्हणाले, बाई, वर्गात काय काय व्हायचं? अगं, इतक्या वर्षांत शाळेत हे कुणी विचारलं नव्हतं. अर्धा रस्ता मीच बोलत होते.” मामा, हे तू मला कधी सांगितलं नाहीस!

त्याच संध्याकाळी कपाटाच्या खालच्या पायरीवर बसून मी हाक मारली, “सर, आज वर्गात काय झालं?”

पलीकडून आवाज आला, “का? कुणी तक्रार केली?”

“नाही हो, सहज.”

मग ते सांगायला लागले, मागच्या बाकावरच्या एका मुलीने त्यांची रीत सोडून आपल्याच रीतीने गणित सोडवलं, आणि उत्तर बरोबर! ते दाखवायला त्यांनी खडूने कपाटावर त्रिकोण काढले. माझ्या हातातला चहा गार झाला. दुसऱ्या दिवशी त्यांनीच वरून विचारलं, “आहात का?” आता कपाटावर फारशी जागा उरलेली नाही.

मामीला नमस्कार, धाकट्यांना पापा.

तुझी,
बडबडी भाची

ता. क. – कपाट सोडवायला तुझ्यासारखा माणूस नाही. रविवारी दोर घेऊन ये. आणि बाकीचे टेम्पोत काय काय बोलले तेही आठवून ये. मी मोठ्या बाईंना नावं सांगणार नाही.

ता. क. दुसरा – कपाट वर न्यायचं की खाली, हे सर अजून सांगत नाहीत. म्हणतात, “तुमचे मामा जाणकार, ते म्हणतील तसं.” खोटं बोल असं मी तुला कधीच सांगणार नाही. फक्त वाकून नीट बघ, मान हलव, आणि हे वरच जाईल असं म्हण.

ता. क. शेवटचा – येताना बसने ये. तुझा टेम्पो इमारतीखाली दिसला की आमच्याकडच्या शिक्षकांना घरगुती कारणं आठवतात.