हिराबाईच्या गोळ्यांचा डबा

४ डिसेंबर २००२, कळंब
हिराबाईचा डबा अखेर निरगुडसरला आला. चार खेटे पडले. क्षयाच्या गोळ्यांचा डबा रुग्णाच्या गावच्या दवाखान्यात राहतो. रुग्ण मात्र कांदा लावायला दोन एसट्या लांब, इकडे पूर्वेला. आता डबा कुसुमताईंकडे. मजुरांच्या आजारांच्या आमच्या पाहणीचं काम करतात, निरगुडसरच्याच, बौद्धवस्तीतल्या. हिराबाईने दिवसाआड त्यांच्या ओट्यावर येऊन समोर गिळायच्या. ठाकर, तिशीची असेल. मूठभर गोळ्या पाहून म्हणाली, "एवढ्या? भाकरीला जागा ठिवा की बाई." खोकेपर्यंत हसली.

१० डिसें.
दोन खेपा चुकल्या. वाफ्यातून उठली की शेतमालक बापू ओरडतात. "कुठं हिंडती म्हनत्यात," हिराबाई म्हणाली. मी म्हटलं, मी बोलते त्यांच्याशी. ती काही बोलली नाही. मी होकार धरला.

११ डिसें.
बापूंच्या पडवीत चहा. पाहणीची आमची पद्धतच ही: आधी मालकाची परवानगी, मग मजूर. अर्धा तास सुट्टी मागितली. कशासाठी, त्यांनी विचारलं. सांगितलं. गोळ्या चालू असल्या की लागण होत नाही, हेही सांगितलं. शांतपणे ऐकून घेतलं. "मॅडम, मानुसकी हाय आमच्यात. जाऊ द्या की तिला, रोज जाऊ द्या."
बरं वाटलं. चांगला माणूस.

१२ डिसें.
खोप रिकामी. हिराबाई, नवरा, दोन्ही पोरं, सगळी बापूंनी सकाळीच टेम्पोत बसवून दिली, वाफ्यातल्या बायकांनी सांगितलं. चूल पाण्याने विझवलेली. खोपीबाहेर माठ फोडून टाकलेला.
बापू म्हणाले, "ठाकरं ती, सांगून जात्यात व्हय कुठं?"
परतताना कुसुमताई: "माठ कशाला फोडला म्हनते मी. त्यांचा माठ तर आधीपास्नंच येगळा व्हता. लागण कुठनं व्हनार व्हती?" थोड्या वेळाने, "मॅडम, तुमी मला इचारायचं तरी."
विचारलं नव्हतं.

१५ डिसें.
डोंगराकडे, हिराबाईच्या वाडीत. दाराला कडी. सासरा उन्हात बसलेला. "ती तुमच्याकडंच हाय न्हवं? दवापानी करता म्हनली." कुसुमताईंनी सांगितलं. म्हातारा ऐकत राहिला. मग आम्हालाच पाणी दिलं.

२३ डिसें.
बेल्ह्याचा बाजार. मजूर नेणाऱ्या टेम्पोवाल्यांना विचारत फिरलो. एक म्हणाला, नाशिककडं गेली असत्याल. दुसरा, "लई खोकणारी बाई ना? मी नाय घेतली राव." कुठे उतरवली, कोणी नेलं, काही नाही.
तिला जाऊन अकरा दिवस. गोळी नाही.

२ जानेवारी २००३
अहवाल पंधरा तारखेला द्यायचा. विषय, स्थलांतरित आदिवासी मजूर आणि अर्धवट सुटलेले उपचार. मार्गदर्शक सरांचा अंदाज पहिल्यापासून एकच: समाजाच्या समजुती, भगत, अंगारा. हिराबाईचा फॉर्म पुढ्यात. जात: ठाकर. उपचार: सोडला. कारण: — भगताकडे ती कधी गेली नव्हती. लिहिलं, 'संशोधकाने मालकास आजार सांगितला.'

९ जाने.
सरांकडून फॉर्म परत. कारण पेन्सिलीने खोडून शेजारी, 'हे कारणांच्या यादीत बसत नाही. स्थलांतर लिहा.' खोटं नाही म्हणा. गेली तर आहेच.
पेन्सिल खोडरबराने पुसली. माझं शाईचं आहे.

१४ जाने.
संक्रांत. अहवाल उद्या. फॉर्म तसाच जोडलाय. सर काढतील कदाचित.
दवाखान्याने डबा परत मागितलाय. निरगुडसरला गेले. ताईंनी तिळगूळ दिला. डबा फळीवर, फडक्याने पुसलेला. शेजारी पालथा पेला.
"आज तिचा दिस व्हता," ताई म्हणाल्या.
डबा द्यायचाय ना, मी विचारलं.
"उद्या देते."
मागच्या आठवड्यातही उद्याच म्हणाल्या होत्या.