लुई राजा आणि फुलसिंगचा खोकला

दारव्हा, ५ नोव्हेंबर १९५८
छंद नक्की झाला. फ्रान्सच्या राजांची चांदीची नाणी. पोस्टाची तिकिटं काय, कोणीही जमवतो. नागपूरहून इंग्रजी कॅटलॉग मागवला. सुताराकडून मखमलीची पेटी करून घेतली, बारा खळग्यांची. नाणी अजून नाहीत. तोवर सुपारी ठेवू का, असं प्रभावतीने विचारलं. बायकोला इतिहासाची जाण नाही, यात माझा दोष नाही.

१६ नोव्हेंबर, दुपार
सापडला! आमच्या सरकी काढायच्या जिनावर बंजारा तांड्यावरचा फुलसिंग कापसाची गाडी घेऊन आला, सोबत बायको धनीबाई. तिच्या केसांतून गालावर चांदीची टोपली लोंबते, त्या दागिन्याला खाली एक नाणं जोडलेलं. कुरळ्या केसांचा राजा! सोळावा लुई. कॅटलॉगमधलंच नाक. (पंधरावाही असेल. लुई आहे हे नक्की.) हिचे पूर्वज बैलांवर मीठ लादून समुद्रापासून इथवर यायचे, तेव्हा आलं असणार. ऑफिसचं काम सोडून मी तिच्या गालाकडे बघत राहिलो. फुलसिंग माझ्याकडे बघत राहिला.

१७ नोव्हेंबर
तांड्यावर गेलो. सरळ बोलणं हा माझा स्वभाव. म्हटलं, बाई, एवढं उतरवून द्या, बदल्यात दुप्पट चांदी देतो. मग धनीबाई म्हणाली, "टोपली नवरा मेल्यावरच उतरते, बाबूजी. माहा नवरा तं हा बसला." फुलसिंग खरोखरच समोर बसला होता, चिलीम ओढत. मी चहा न घेता निघालो. हल्ली मला चहा सोसत नाही.

२ डिसेंबर
नाण्यांच्या कलेक्टरच्या अंगी पेशन्स हवा. तो माझ्याकडे भरपूर आहे. फुलसिंगला खोकला आहे, हे आज सहज लक्षात आलं. वय साठीच्या पुढचं. मी कोणाचं वाईट चिंतत नाही. नुसती नोंद.

८ डिसेंबर
माणुसकी म्हणून चौकशीला गेलो. खोकला वाढलाय. बिचारा. घरी येऊन मखमल झटकून ठेवली.

२१ डिसेंबर
फुलसिंग अंथरुणाला खिळला. मी रोज जातो. धनीबाई आज दाराशी बसून रडत होती. नाणं सारखं हलत होतं, त्यामुळे साल वाचता आलं नाही. तांड्यातल्या बाया म्हणाल्या, सख्खा भाऊ येत नाई, पण बाबूजी रोज येऊन राह्यले. ऐकून भरून आलं. मनाने मी आहेच तसा. पण मग त्यांनी विचारलं, डॉक्टर आणता काय? चारचौघांत नाही कसं म्हणणार? जिनाची जीप काढावी लागली.

४ जानेवारी १९५९
डॉक्टर नको इतका हुशार निघाला. फुलसिंग आज स्वतः गाडी जुंपून जिनावर आला. सगळ्यांसमोर मला कवटाळलं. बरगड्या अजून दुखताहेत. प्रभावती म्हणाली, तुम्ही एका बाईचं कुंकू राखलं. मी जेवलो नाही.

१९ जानेवारी
ताप. थंडीतल्या त्या खेपा भोवल्या. उपकार करू नयेत, हेच खरं. फुलसिंग भेटायला आला. पायाशी बसून विचारलं, "कसं वाटून राह्यलं, बाबूजी?"

२३ जानेवारी
ताप कायम. फुलसिंग आजही. सलग पाचवा दिवस. कपाळाला हात लावून बघितलं, जीभ बघितली, धनीबाईने केलेली आंबील पाजली. तुम्ही उठेपर्यंत मी वावरात जात नाही म्हणाला. बोलताना डोळ्यांत पाणी.

मी काही दूधखुळा नाही. परक्या माणसाच्या तब्येतीची इतकी चौकशी कोणी उगाच करत नाही. ह्याचा डोळा माझ्या घरातल्या कोणत्या वस्तूवर आहे, ते शोधलं पाहिजे. प्रभावतीला सावध राहायला सांगितलं. ती त्याला चहा करायला उठली.